काम करताना ऐका, मात्रा मात्र लिहून घ्या

खुरपणी करताना किंवा पालेभाजीच्या जुड्या बांधताना हात गुंतलेले असले तरी कान मोकळे असतात. १९५६ साली आकाशवाणी पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रवण मंडळांचा प्रयोग केला. गावकरी एकत्र बसून शेतीविषयक कार्यक्रम ऐकत व त्यावर चर्चा करीत. आता आकाशवाणी मोबाईलवरही ऐकता येते. त्यामुळे घाटकोपरच्या गच्चीवर भाजी पिकविणाऱ्यांचीही सोय झाली आहे.

ऐकताना एककाकडे विशेष लक्ष द्यावे. भातासाठी हेक्टरी १०० किलो नत्र सांगितले, तर युरियात ४६ टक्के नत्र असल्याने हेक्टरी सुमारे २१७ किलो, म्हणजे एकरी ८७ किलो युरिया लागतो. ‘हेक्टरी’ऐवजी ‘एकरी’ ऐकल्यास अडीचपट खत पडते. खर्च वाढतो, भात लोळतो व कीड-रोगांना बळी पडतो. म्हणून मात्रा, एकक व पिकाची अवस्था लगेच वहीत टिपावी. शंका असल्यास किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर विचारावे.

फवारणी करताना व मळणी यंत्रावर मात्र कानात काही घालू नये.