घरचा पापड विकायचा, तर नोंदणी करूनच



फाल्गुन लागला की पोशेऱ्यात आणि मोखाडा-जव्हारच्या पाड्यापाड्यांवर नागलीचे पापड सुरू होतात. थोडे घरात ठेवायचे, थोडे मुंबईच्या पाहुण्यांच्या पिशवीत घालायचे आणि आता थोडे विकायचेही. विकायची गोष्ट निघाली की कोणीतरी हळूच विचारते, "ताई, सरकारी माणूस येऊन पकडणार तर नाही ना?"

पकडण्यासारखे काही नाही, पण नोंदणी हवी. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत घरच्या स्वयंपाकघरात केलेल्या पदार्थांसाठी वेगळा कायदा आहे. आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ हाच मोठ्या कारखान्यालाही लागू आणि आपल्या चुलीलाही. फरक कागदाचा. २०११ च्या नियमावलीने वर्षाला १२ लाखांच्या आत उलाढाल असणाऱ्या लहान उत्पादकाला परवान्याऐवजी साधी नोंदणी ठेवली आणि तिची फी वर्षाला १०० रुपये ठरवली. अर्ज 'फॉसकॉस' या सरकारी संकेतस्थळावर होतो. फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि काय बनवणार त्याची माहिती, एवढ्यावर काम होते. अर्जानंतर ७ दिवसांत नोंदणी द्यायची, कारण देऊन नाकारायची किंवा तपासणीची नोटीस काढायची, असे नियमच सांगतो. नोंदणी झाली की १४ आकडी क्रमांक मिळतो. कोणी दलाल याच कामाचे दोन-तीन हजार मागू लागला तर त्याला हात जोडा आणि शिकलेल्या पोरीला फोन घेऊन बसवा.

नोंदणी जागेची असते, हे विसरू नका. एकीच्या घरी पीठ मळायचे आणि क्रमांक दुसरीच्या घराचा छापायचा, असे चालत नाही.

कागद एवढाच. खरे काम पुढे आहे. आम्ही इतकी वर्षे वॉर्डात जुलाब-उलट्यांचे रुग्ण पाहिले, म्हणून यावर जरा जास्त बोलतो.

पापडाला कडक ऊन लागते आणि नेमक्या त्याच चैत्र-वैशाखात आपल्या तालुक्यातल्या विहिरी तळ गाठतात, टँकरची वाट पाहावी लागते. म्हणजे पीठ मळायचे दिवस आणि पाणी वाईट असण्याचे दिवस एकच. नियमावलीची चौथी अनुसूची लहान उत्पादकालाही पिण्यायोग्य पाणी वापरायला सांगते. टँकरचे किंवा डबक्याचे पाणी आधी गाळा, मग खळखळून उकळा. उकळायला सरपण नसेल तर मेडिक्लोर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबा. भांडी आणि हात धुवायलाही तेच पाणी घ्या. पापड भाजल्यावर बरेच जंतू मरतात हे खरे, पण नागलीचा लाडू कोणी भाजून खात नाही.

आणखी एक. हाताला पिकलेली जखम असेल तर त्या बाईने पिठात हात घालू नये. अशा जखमेतले जंतू अन्नात विष सोडतात आणि ते विष भाजूनही जात नाही. जुलाब झाले असतील तर थांबल्यावरही दोन दिवस तिला कामापासून दूर ठेवा. टायफॉइडमधून उठलेल्या बाईला बरे वाटले तरी जंतू काही काळ शौचावाटे जात राहतात, तिने डॉक्टरांना विचारूनच परत यावे. पण तिचा त्या दिवसांचा हिस्सा कापू नका. कापलात, तर पुढच्या वेळी ती आजार लपवील.

लिज्जत पापड आपण सगळ्या ओळखतो. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन तो सुरू केला. तिथे पीठ शाखेत एकाच ठिकाणी मळले जाते, बहिणी ते घरी नेऊन लाटतात आणि वाळलेले पापड परत आणून देतात. आपल्या गटांनी यातले मळणे तरी उचलावे. एका ठिकाणी मळले तर एकाच हंड्याच्या पाण्याकडे लक्ष ठेवावे लागते. ती जागा नोंदणीत असली पाहिजे, आणि घरी लाटणार असाल तर तेही अर्जात सांगा.

एका वर्षी आमच्याच गटाने घाई केली. वळवाचा पाऊस आला, अर्धओले पापड पिशव्यांत भरले आणि आषाढात सगळ्यांवर हिरवी बुरशी. पुसून विकूया, असेही एकजण म्हणाली. आम्ही ते खड्ड्यात पुरले. बुरशी पुसून तिचे विष जात नाही. शेंगदाण्याच्या लाडवात, चिक्कीत तर हे जास्तच सांभाळा. पापड वाकवल्यावर कटकन मोडला पाहिजे. न मोडता वाकला तर अजून एक ऊन द्या. टाकणखार अजिबात नको, रंगही नको.

पाकिटावर पदार्थाचे नाव, घटक, वजन, बॅच क्रमांक, बनवल्याची आणि मुदतीची तारीख, किंमत, शाकाहारी असल्याची हिरवी खूण आणि १४ आकडी क्रमांक हवा. शेंगदाणा असेल तर तो ठळक लिहा, काहींना त्याने जिवावर बेतते. 'मधुमेह बरा होतो' असे छापू नका. नागलीत चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर असते हे खरे. पण रोग बरा करण्याचा दावा अन्नाच्या पाकिटावर कायद्याला चालत नाही.

आणि बनवणाऱ्याचे नाव-पत्ता. इथे बायका थांबतात. "आडनाव घालावेच लागते का?" हा प्रश्न पोकळ नाही. बाबासाहेबांनी मुंबईत शेअरबाजारातल्या लोकांना सल्ला देण्याची कचेरी काढली, तेव्हा मालक अस्पृश्य आहे कळताच गिऱ्हाईक यायचे थांबले. जुनी गोष्ट म्हणावी, तर २०१७ साली पुण्यात जात लपवून सोवळे मोडले म्हणून स्वयंपाक करणाऱ्या बाईविरुद्ध पोलिसांत तक्रार झाली. खोटे आडनाव छापू नका. त्याने नोंदणीच धोक्यात येते. ज्यांना आडनाव पुढे करायचे नाही त्यांनी गटाच्या नावाने नोंदणी करावी, मग पाकिटावर गटाचे नाव येते. ज्यांना स्वतःचे नाव घालायचे आहे त्यांनी ते मोठ्या अक्षरात घालावे. आम्ही आमच्या पाकिटावर घातले आहे. काही दुकानदारांनी पाकीट वाचून परत केले, काहींनी दुसऱ्या आठवड्यात आणखी मागवले.

पुढच्या बैठकीला येताना आधारकार्ड, एक फोटो आणि मळायला वापरता त्या पाण्याची स्वच्छ धुतलेली, झाकणाची बाटली भरून आणा. अर्ज तिथेच भरू, पाणी तपासायला देऊ.