सड्यावरील पाणथळ रानफुलांचे ऋतुवार छायाचित्रण

गोव्यातील जांभ्या दगडाच्या पठारास सडा म्हणतात. एप्रिलमध्ये तो काळवंडलेला व ओसाड दिसतो. म्हणून ती पडीक जमीन होय, असा समज सहज होतो. परंतु कठीण जांभ्यावर मातीचा थर पातळ असल्यामुळे पावसाचे पाणी खोलगट भागांत साचते आणि पावसाळ्यापुरत्या लहान लहान पाणथळ जागा तयार होतात. तेथील देशी रानफुलांचे आयुष्य थोड्या आठवड्यांचे असते. त्यांची क्रमवार छायाचित्रे घेतल्यास सड्याचे खरे रूप पुराव्यानिशी मांडता येते.

याकरिता प्रथम एक जागा निश्चित करावी. दर पंधरवड्यास त्याच ठिकाणाहून, त्याच दिशेने एक छायाचित्र संपूर्ण परिसराचे व काही छायाचित्रे जवळून घ्यावीत. प्रत्येकासोबत दिनांक, वेळ, गाव व पाण्याची स्थिती यांची नोंद करावी. नोंदीवाचून छायाचित्र कितीही सुंदर असले, तरी अभ्यासास त्याचा उपयोग थोडा.

जून-जुलैमध्ये खळगे पाण्याने भरतात व गवताचे कोंब दिसू लागतात. ऑगस्टच्या सुमारास निळी ‘सीतेची आसवे’ आणि गेंदाचे पांढरे गोंडे फुलतात. सीतेच्या आसवांचे छायाचित्र समोरून व बाजूने असे दोन्ही बाजूंनी घ्यावे. फुलामागील शिंगासारखा भाग ओळख पटविण्यास आवश्यक असतो. ही वनस्पती कीटकभक्षी असून तिच्या सूक्ष्म पिशव्या ओल्या मातीत दडलेल्या असतात. त्या दाखविण्यासाठी रोप उपटणे मात्र सर्वथा वर्ज्य समजावे. सड्याच्या मातीत नत्र कमी असते. ती उणीव या वनस्पती सूक्ष्म जीवांपासून भरून काढतात. दवबिंदूच्या पानांवरील चिकट थेंबही कीटक पकडण्यासाठीच असतात. सकाळच्या तिरप्या उन्हात प्रकाश मागून येईल अशा बेताने ते टिपावेत. इतर फुलांसाठी ढगाळ हवा उत्तम. तीव्र उन्हात फिकट पाकळ्यांचा तपशील नाहीसा होतो.

ऑक्टोबरनंतर सडा सुकू लागला, तरी काम संपत नाही. बोंडे, बी आणि वाळलेली रोपे यांचीही छायाचित्रे घ्यावीत. नंतर तळ्यांकडे वळावे. तेथे वेळेचे भान हवे: निळे कमळ दिवसा उमलते, तर पांढऱ्या कमळाची एक देशी जात रात्री उमलून सकाळी उशिरा मिटते. जलपर्णीची जांभळी फुले मोहक असली, तरी ती दक्षिण अमेरिकेतून आलेली वनस्पती होय. तिची नोंद वेगळी ठेवावी. उन्हाळ्यात चोडण बेटासारख्या खाजणकाठी मरांडीची निळसर जांभळी फुले पाहावयास मिळतात.

छायाचित्र घेताना गुडघे टेकण्याची जागा आधी पाहून घ्यावी. उघड्या खडकावरूनच चालावे; एका पावलाखाली शेकडो रोपे चिरडली जाऊ शकतात. पावसात कॅमेऱ्यावर छत्री धरावी व घरी आल्यावर तो कोरड्या जागी ठेवावा, म्हणजे भिंगावर बुरशी धरत नाही. साधा मोबाईलही या कामास पुरेसा आहे.

कुडचडे येथील नंदा तळ्यास २०२२ मध्ये गोव्यातील पहिले रामसर स्थळ होण्याचा मान मिळाला. तळ्याचे महत्त्व डोळ्यांस दिसते. सड्यावरील खळग्याचे तसे नाही. वेर्ण्याच्या सड्यावर औद्योगिक वसाहत झाली आणि मोपाच्या सड्यावरील विमानतळाचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले. अशा कामांसाठी जागेची पाहणी उन्हाळ्यात झाली, तर तेथे एकही फूल आढळणार नाही. त्या वेळी ऑगस्टमधील दिनांकित छायाचित्रच त्या जागेच्या वतीने साक्ष देईल. प्रत्येक गावातील शाळेने आपल्या सड्यावरील एक खळगा निवडून वर्षभराची अशी चित्रमालिका तयार केल्यास मुलांना वनस्पतिशास्त्राचा पाठ मिळेल आणि गावालाही आपल्या जमिनीची खरी ओळख पटेल.