ग्रंथसंग्रह विकास : निवड आणि निर्लेखन

ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात येणारा विद्यार्थी बहुधा ग्रंथप्रेमापोटीच तेथे आलेला असतो. ग्रंथसंग्रह विकास हा विषय सुरू झाला की या प्रेमाची कसोटी लागते. ग्रंथ कसे निवडावेत हे शिकताना तो रमतो. कोणते ग्रंथ कपाटातून काढावेत हे शिकताना मात्र त्याचा हात आखडतो. या विषयाचा खरा कस तेथेच आहे.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांत ग्रंथालयाला वाढती संस्था म्हटले आहे. या सूत्राचा अर्थ पुष्कळदा केवळ ग्रंथसंख्येची वाढ असा घेतला जातो. दाखल नोंदवहीतील शेवटचा क्रमांक अहवालात शोभून दिसतो हे खरे; पण त्या क्रमांकापर्यंतचे किती ग्रंथ वाचकाच्या हाती गेले, हे नोंदवही सांगत नाही. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात १९६९ मध्ये दाखल झालेल्या ग्रंथांचा १९७५ पर्यंत माग काढण्यात आला, तेव्हा त्यांतील सुमारे ४० टक्के ग्रंथ एकदाही देवघेवीत गेले नसल्याचे आढळले. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीवर टीकाही झाली. ग्रंथालयात बसून वाचलेल्या ग्रंथावर तारखेचा शिक्का पडत नाही, हे आपल्याकडील मोफत वाचनकक्ष पाहिलेल्या कोणालाही पटेल. तरीही विद्वानांनी निवडलेला संग्रहही न वाचलेला राहू शकतो, हा धडा उरतोच.

निवडीचे शिक्षण वाचकापासून सुरू होते. गावात पिके कोणती, शाळा किती, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तरुण किती, वाचनालयात महिला येतात की नाही, याची पाहणी आधी आणि प्रकाशकांच्या सूची नंतर, असा क्रम विद्यार्थ्याला शिकविला जातो. प्रत्यक्षात अनुदानाची रक्कम वर्षअखेरीस हाती येते आणि घाईच्या खरेदीत हा क्रम उलटतो. वाचकांची मागणी वर्षभर एका वहीत टिपून ठेवली, तर घाईतही निवड चुकत नाही. या साध्या वहीचे महत्त्व पाठ्यपुस्तकांनी द्यावे तितके दिलेले नाही.

निर्लेखनाचा पाठ बहुधा एका कपाटापासून गिरविता येतो. विद्यार्थी प्रत्येक ग्रंथावरील तारीखपट्टी पाहून शेवटची देवघेव टिपतो. मजकूर कालबाह्य आहे काय, सुधारित आवृत्ती निघाली आहे काय, बांधणी दुरुस्त होण्याजोगी आहे काय, हे तपासतो. जुन्या करकायद्याचे मार्गदर्शक पुस्तक ठेवणे हे निरुपयोगीच नव्हे, तर अपायकारकही असते; वाचक त्यावर विसंबतो. पण त्याच कपाटात गावच्या वाचनालयाची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका असते. तिच्या पट्टीवर एकही शिक्का नसतो आणि तरीही ती काढता येत नाही, कारण ती दुसरीकडे मिळण्याची शक्यता फार थोडी. केवळ शिक्के मोजून निर्णय होत नाही, हे येथे उमगते.

सर्वच जपण्याची जबाबदारी प्रत्येक ग्रंथालयावर नाही. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने आपल्या ग्रंथाच्या प्रती कलकत्त्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, मद्रास व दिल्ली येथील नियत ग्रंथालयांकडे पाठवावयाच्या असतात. त्यामुळे तालुक्याच्या वाचनालयाने सर्वसाधारण ग्रंथाची जीर्ण प्रत काढली, म्हणून तो ग्रंथ देशातून नाहीसा होत नाही.

मग ग्रंथपाल कचरतो का? लेखापरीक्षणात प्रत्येक ग्रंथ ही मालमत्ता ठरते आणि गहाळ प्रतीची वसुली आपल्याकडून होईल ही त्याची भीती असते. केंद्र शासनाच्या वित्तीय नियमांनी या बाबतीत समंजस भूमिका घेतली आहे. वर्षभरात देवघेवीत वा वाचनात गेलेल्या दर १,००० ग्रंथांमागे ५ ग्रंथांची हानी, अप्रामाणिकपणा वा निष्काळजीपणा नसल्यास, वाजवी मानली जाते. दुर्मिळ ग्रंथाची मात्र चौकशी होतेच. २०,००० पर्यंत ग्रंथ असलेल्या ग्रंथालयात दरवर्षी संपूर्ण पडताळणी अपेक्षित आहे. ही पडताळणी हीच निर्लेखनाची योग्य वेळ. त्याच वेळी यादी करावी, शिक्षकांना व जाणत्या वाचकांना ती दाखवावी, कार्यकारी मंडळाचा ठराव घ्यावा आणि दाखल नोंदवहीत त्या त्या क्रमांकासमोर ठरावाची तारीख लिहावी. त्या यादीवर मंडळाच्या सदस्यांनीही सही केली, तर ग्रंथपालाला एकट्याला उत्तर द्यावे लागत नाही.