घाटाखालचा ऊस : कोरड ओळखा, आग टाळा



घाटाखाली वैभववाडी-कणकवली भागात ऊस उभा राहिला, त्याला आता बरीच वर्षे झाली. तिकडच्या सभासदांना दुष्काळाबद्दल विचारले की उत्तर ठरलेले : "साहेब, आमच्याकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस. आमाला कसला दुष्काळ?" पाऊस पडतो हे खरे. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि जांभ्याच्या जमिनीतून झिरपून, ओढ्या-नद्यांनी समुद्राला मिळतो. फेब्रुवारीत सड्यावरचे गवत पिवळे पडते, मार्चमध्ये विहिरीचा तळ दिसू लागतो. नेमकी त्याच वेळी लागण वाढीला लागलेली असते आणि खोडवा फुटत असतो. वणव्याचा हंगामही तोच. म्हणून कोरड आणि आग यांचा विचार एकत्र केला पाहिजे.

कोरड कशी मोजावी?

यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. एक वही घ्यावी आणि दर सोमवारी चार नोंदी कराव्यात.

१) पाऊस : मोजपात्र असेल तर फार चांगले. १ मि.मी. पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४ हजार लिटर पाणी. हवामान खाते २.५ मि.मी. किंवा जास्त पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस धरते. शिंतोड्यांवर भिस्त ठेवून पाण्याची पाळी चुकवू नये.

२) विहीर : दोरीला फुटाफुटावर गाठी मारून पंप सुरू करण्यापूर्वी पाण्याची खोली मोजावी. पातळी दर आठवड्याला किती उतरते ते पाहिले की मे अखेर पाणी पुरेल की नाही, याचा अंदाज मार्चमध्येच येतो.

३) माती : सरीच्या बगलेत फूटभर खणून मूठभर माती दाबावी. गोळा झाला तर ओल आहे. मूठ उघडताच भुगा झाला तर पाणी द्यावे.

४) पीक : दुपारी पाने सुरळी होऊन संध्याकाळी उलगडली तर ती सूचना समजावी. सकाळीही सुरळीच दिसली तर पिकाला ताण बसला.

बाष्पपात्रातून ७५ मि.मी. पाणी उडाले की उसाला पाळी द्यावी, अशी शिफारस आहे. रोज ६ मि.मी. उडते असे धरले तर १२-१३ दिवस होतात. पण जांभ्याची हलकी जमीन तेवढे पाणी धरून ठेवत नाही. सबब तिथे पाणी थोडे आणि लवकर द्यावे. पाणी कमी असेल तर एक सरी आड भिजवावी. २ टक्के युरिया आणि २ टक्के म्युरेट ऑफ पोटॅश यांची एकत्र फवारणी केल्यास पीक ताण सोसते.

पाचट ठेवावे की जाळावे?

पुष्कळ सभासद म्हणतात, "पाचट ठेवलं तर आग लागंल, त्यापेक्षा आपणच जाळलेलं बरं." हे बरोबर नाही. एकरी तीन-चार टन पाचट निघते. ते ओल धरते, तण दाबते आणि कुजल्यावर खत होते. जाळले तर हे सगळे जातेच, शिवाय काडी तुम्हीच लावलेली असते. पाचटाचा धोका असतो तो कोरडे आणि मोकळे पडून राहण्यात. सरीत दाबून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकावेत, वर पाणी द्यावे. ओले, मातीला चिकटलेले पाचट सहजी पेट घेत नाही. मात्र बांधाकडच्या कडेने १० फुटांचा पट्टा पाचट आणि गवत काढून पूर्ण मोकळा ठेवावा. वनखात्याच्या जाळरेषेसारखीच ही आपली रेषा.

आग येते कुठून?

घाटाखाली पहिले कारण भाजावळ. भाताच्या रोपासाठी राब भाजायची चाल जुनी आहे. पण दुपारी समुद्राकडून वारा सुटतो आणि चढावर आग झपाट्याने वर धावते. भाजायचेच असेल तर वारा पडलेला असताना, भोवती माती उकरून, हाताशी पाणी ठेवून आणि शेजाऱ्याला सांगून भाजावे. निखारा विझेपर्यंत जागा सोडू नये. राखीव जंगलाला आग लावणे हा भारतीय वन अधिनियम १९२७ खाली गुन्हा आहे.

दुसरे कारण फडावरून गेलेल्या झोळाच्या तारा. वीज कंपनीला त्या ताणून घेण्यासाठी लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तिसरे कारण पंपाच्या पेटीतील ठिणगी आणि चौथे विडी-काडी.

उपग्रहावरून आगीची सूचना देणारी व्यवस्था भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडे आहे. तिचा उपयोग होतो, पण ती सूचना आग लागल्यावरच येते. त्याआधी धोका आपल्या वहीतच दिसतो : आठवडाभर पाऊस नाही, गवत पिवळे, दुपारचा वारा जोराचा. या तिन्ही गोष्टी जुळल्या त्या दिवशी शिवारात काडी पेटवू नये.

आग लागलीच तर

उभ्या फडात कोणीही शिरू नये. ऊस वाचवताना माणूस गमावणे परवडणारे नाही. तारेखाली आग असेल तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पाणी मारू नये. ११२ वर, आणि जंगलाची आग असेल तर वनखात्याच्या १९२६ वर कळवावे. गवताची आग मागून व बाजूने हिरव्या डहाळ्यांनी झोडावी, ज्वाळेसमोर उभे राहू नये.

नंतर त्याच दिवशी गट ऑफिसला कळवावे, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा. तारेमुळे आग लागली असेल तर विद्युत निरीक्षकाकडेही अर्ज करावा. जळालेल्या उसाचे वजन उतरते, साखरेची प्रत बिघडते आणि घाट चढायलाही वेळ लागतो. तेव्हा २४ तासांत तोड सुरू होईल असे पाहावे. हंगाम संपल्यावर फड जळाला तर तो ऊस न्यायचा कुठे? म्हणून मार्च ते मे ही राखण सर्वांत महत्त्वाची. कोवळा खोडवा जळाला तर शेंडा चिरून पाहावा. आत हिरवा असेल तर लगेच पाणी द्यावे, मोडू नये.

फडाच्या कडेची रेषा या आठवड्यातच काढावी. शेजारचा फड दुसऱ्याचा असला तरी वाऱ्याला बांध कळत नाही. सबब चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून एकाच दिवशी हे काम करावे. मजुरी कमी पडते आणि रेषा सलग होते. चिटबॉय गावात येईल तेव्हा त्याला वही जरूर दाखवावी.

— ऊस विकास अधिकारी