अर्जापूर्वीचा रोजमेळ

पिढीजात पेढी सोडून नोकरी धरणारे तरुण आता आपल्या घराघरांत आहेत. त्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही. परंतु नमुना पाहिल्याविना पोतेभर माल न घेणारा मुलगा स्वतःस न पारखता पन्नास ठिकाणी अर्ज धाडतो, याचे मात्र नवल वाटते.

प्रथम पाहावयाचे ते आपणांस काय वर्ज्य आहे. श्रावकाचारात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. विषवाणिज्य, दंतवाणिज्य ही त्यांतलीच. कोणत्या मार्गाने पोट भरू नये, हा विचार आपल्याकडे जुनाच आहे. मद्याच्या कारखान्यात हिशेबनीस व्हावे काय? पाळी रात्रीपर्यंत लांबत असेल, तर सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाचे काय? हे प्रश्न मुलाखतीपूर्वीच घरी बसून सोडवावेत. नेमणुकीनंतर ते फार महाग पडतात. (वडिलांचे उत्तर मुलाने उसने घेऊ नये, हेही सांगितले पाहिजे.)

गुणांची पारख अधिक अवघड. महिनाभर रोजमेळ लिहावा: कोणते काम न सांगता केले, कोणते टाळले, कशात वेळेचे भान राहिले नाही. कर्मवीर भाऊराव पाटील एके काळी किर्लोस्करांचे नांगर विकीत खेडोपाडी हिंडले. शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलून त्यास पटविणे हे त्यांचे बळ होते. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केल्यावर तेच बळ कामी आले.

रोजमेळ पुरा झाला की तो दुकानातील जुन्या मुनिमास दाखवावा. मुलगा गिऱ्हाइकाशी कसा वागतो, हे त्यास आईबापांहून अधिक ठाऊक असते.