सुरी विकण्याआधी

कल्याणला आम्ही काही हौशी मंडळी सुट्टीच्या दिवशी सुऱ्या घडवतो. ट्रकचा जुना कमानपाटा, छोटी गॅसभट्टी, हातोडा, ग्राइंडर. आमच्यातल्या एका नव्या मुलानं दिवाळीआधी डोंबिवलीतल्या एका सोसायटीच्या प्रदर्शनात आपल्या सुऱ्या मांडल्या. "हातानं केलंय, थोडं कमी-जास्त असणारच," असं सांगून किंमतही उतरवली. एका काकूंनी नेलेली सुरी लाल भोपळ्यात अडकली. त्यांनी ती जराशी पिळली आणि पात्याचा तुकडा उडाला. तळहाताला टाके पडले. डोळा वाचला.

ते पातं मी नंतर पाहिलं. त्याच्या सगळ्या सुऱ्यांत तेच दुखणं होतं. तापवून तेलात बुडवून पाणी दिलेलं, म्हणजे कडक केलेलं, पण टेम्परिंग राहिलेलं. नुसतं पाणी दिलेलं पोलाद काचेसारखं असतं, कडक आणि ठिसूळ. ते साधारण 200 अंश सेल्सिअसला दोनेक तास ठेवलं, की थोडा कडकपणा जाऊन चिवटपणा येतो. पॉलिश केल्यावर टेम्परिंग केलेलं आणि न केलेलं, दोन्ही पाती सारखीच चकाकतात. काकूंना ते कळणार कसं?

नवशिक्यानं विकूच नये, असं मी म्हणणार नाही. रस्त्याकडेला घिसाडी कुटुंबं ठोकून देतात त्या कोयत्यावर हातोड्याचे वळ असतात, मूठ ओबडधोबड असते, तरी कोयता वर्षानुवर्षं चालतो. वळ, ओरखडे, मुठीचा फिका रंग असलेली सुरी गिऱ्हाइकाला दाखवून खुशाल स्वस्तात विका. पण पात्यात चीर असेल, टेम्परिंगची खात्री नसेल किंवा मूठ हलत असेल, तर ती सुरी फुकटही देऊ नका. मित्राला तर नाहीच. भंगारात देतानाही तुकडे करून द्या.

ट्रकच्या जुन्या पाट्यात वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी बारीक चिरा पडलेल्या असू शकतात, शिवाय तो नेमका कोणत्या पोलादाचा हेही माहीत नसतं. शिकायला तो उत्तम. विकायची सुरी मात्र ग्रेड माहीत असलेल्या नव्या पट्टीचीच करा. पाणी दिल्यावर कानस घासा, ती पात्यावरून घसरली पाहिजे. टेम्परिंगनंतर डोळ्यांना गॉगल लावून सुक्या लाकडावर पात्याचे घाव घाला आणि धार भिंगातून पाहा. टवका उडाला तर पातं ठिसूळ, धार दुमडली तर मऊ. भट्टीचा अंदाज येत नसेल तर हीट ट्रीटमेंटवाल्याकडून करून घ्या. ठाण्यातल्या वागळे इस्टेटीसारख्या औद्योगिक भागांत चौकशी केली की असे लोक सापडतात.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष वस्तूनं झालेल्या इजेची भरपाई बनवणाऱ्याकडून मागता येते. पण कायद्याची भीती नसती तरी माझं म्हणणं हेच राहिलं असतं. आपल्या पहिल्या सुऱ्या आपल्याच स्वयंपाकघरात एक अख्खा पावसाळा वापरा, मासे-भोपळे कापा, मूठ ओली होऊ द्या. मगच पुढची सुरी विकायला मांडा.