सव्वातीन की सव्वापाच?



घड्याळ कसे बघायचे हे आपण दुसरीतच शिकलो. तरी पण माझी एक मोठी चूक झाली. तशी तुमची होऊ नये म्हणून हा लेख लिहीत आहे.

मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर आमच्या आबांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी साताऱ्याला बोलावले होते. सकाळी आठ वाजता हजर राहायचे होते. म्हणून आदल्या दिवशी एस.टी.ने जाऊन आत्याकडे मुक्काम करायचा असे ठरले. आबांना नीट दिसत नव्हते. ते मला म्हणाले, "पोरा, फाट्यावर जाऊन गाडीचा टाइम बघून ये." मी पळत गेलो. बोर्डावर १५.१५ असे लिहिले होते. मला वाटले, पंधरा म्हणजे पाचच असणार. घरी येऊन मी मोठ्याने सांगितले, "आबा, सव्वापाचची गाडी हाय!"

आम्ही पाच वाजता फाट्यावर गेलो. चहावाले काका म्हणाले, "आवं, ती सव्वातीनलाच गेली की! आता एकदम सकाळी."

सकाळच्या गाडीने गेलो तर पोचायला दहा वाजले. नंबर गेला. पुढची तारीख एक महिन्याने मिळाली. आबा मला रागावले नाहीत. पण महिनाभर ते भिंत चाचपत न्हाणीपर्यंत जायचे. ते बघून मला फार वाईट वाटायचे.

मी गुरुजींना सगळे सांगितले. गुरुजी म्हणाले, "चूक सांगितलीस ते बरे केलेस. आज आपण हाच पाठ घेऊ." त्यांनी जे शिकवले ते असे.

दिवसाचे तास २४ असतात. आपण बोलताना १२ पर्यंतच मोजतो आणि पुन्हा एकपासून सुरू करतो. म्हणून सकाळी, दुपारी, रात्री असे पुढे लावावे लागते. एस.टी. आणि रेल्वेच्या वेळापत्रकात घोटाळा नको म्हणून १२ नंतर १३, १४, १५ असे २३ पर्यंत मोजतात. तासाचा आकडा १२ पेक्षा मोठा असला की त्यातून १२ वजा करायचे. १५ वजा १२ म्हणजे ३. मी ही वजाबाकी केली नाही.

आता हा तक्ता पाहा.

१२.४५ – पाऊण वाजता
१३.१५ – दुपारी सव्वा वाजता
१३.३० – दुपारी दीड वाजता
१४.३० – दुपारी अडीच वाजता
१५.३० – दुपारी साडेतीन वाजता
१६.४५ – संध्याकाळी पावणेपाच वाजता

साडेएक आणि साडेदोन असे कोणी म्हणत नाही. दीड आणि अडीच म्हणतात. पावणे म्हणजे पाव कमी. पावणेपाच म्हणताना पाच ऐकू येते, पण बोर्डावर तास चारचाच असतो. इथेही पुष्कळ जण चुकतात.

आणखी एक गंमत आहे. ०.१५ म्हणजे रात्रीचे सव्वाबारा. रात्री बारा वाजता तारीख बदलते. बारा तारखेच्या ०.१५ च्या रेल्वेचे तिकीट असेल तर अकरा तारखेला रात्रीच स्टेशनवर जाऊन बसावे लागते. आपल्या पंचांगात मात्र वार सूर्य उगवल्यावर बदलतो.

मी हे सगळे घरी आबांना सांगितले. आबा हसले. म्हणाले, "आमच्या लहानपणी घरात घड्याळच नव्हतं. आमचं घड्याळ वर." ते अजून तसेच बोलतात. तांबडं फुटलं, दिवस कासराभर वर आला, उन्हं कलली, दिवेलागण झाली, निजानीज झाली. कोणत्या वेळी कोणते काम करायचे ते त्यातून सगळ्यांना कळते. पण अशा वेळेला एस.टी. थांबत नाही.

मग आबा म्हणाले, "तुमच्या घड्याळात बारा वाजत्यात, तवा खरी दुपार होतच न्हाई." मला ते खोटे वाटले. मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, "करून पाहू." डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही शाळेच्या मैदानात एक सरळ काठी रोवली. बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण केली. बारा वाजता सावली सर्वांत आखूड असेल असे आम्हाला वाटले होते. पण ती आणखी आखूड होत गेली. साडेबारा ते बारा चाळीसच्या मध्ये ती सर्वांत आखूड झाली. आबांचे खरे निघाले!

याचे कारण असे. भारताची प्रमाणवेळ उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरवली आहे. सातारा साधारण ७४ अंशांवर आहे. एका अंशाला सूर्याला ४ मिनिटे लागतात. साडेआठ अंशांना ३४ मिनिटे होतात. म्हणून आपली खरी दुपार उशिरा होते. ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली. मुंबईची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे होती आणि ती मुंबईत १९५५ पर्यंत चालू होती. त्या काळी मुंबईत कोणती वेळ म्हणायची हे विचारून घ्यावे लागत असेल. आसामात सूर्य लवकर उगवतो. तिथल्या चहाच्या मळ्यांत घड्याळ एक तास पुढे ठेवून काम करतात.

गुरुजी म्हणाले, "प्रत्येक गावाने आपापली दुपार धरली तर गाड्या कशा चालतील? सर्वांनी मिळून एक वेळ धरली, तीच प्रमाणवेळ." म्हणजे आबांचे पण बरोबर आणि बोर्डाचे पण बरोबर. फक्त एका भाषेतली वेळ दुसऱ्या भाषेत नीट सांगता आली पाहिजे.

दुसऱ्या वेळी मी बोर्ड बघून आलो आणि दारावर खडूने लिहिले, 'दुपारी सव्वातीन म्हणजे १५.१५.' आबांना मोठ्याने वाचून दाखवले. आम्ही अडीचलाच फाट्यावर जाऊन बसलो. गाडी मिळाली आणि ऑपरेशन चांगले झाले.

आता आबांना भिंतीवरचे घड्याळ दिसते. रोज संध्याकाळी ते मला विचारतात, "सांग लेका, किती वाजलं?" मी दोन्ही तऱ्हेने सांगतो.

मित्रांनो, तुम्हीही घरातल्या म्हाताऱ्या माणसांना गाडीची वेळ दोन्ही तऱ्हेने सांगा. आणि काठीचा प्रयोग जरूर करून पाहा.

– एक विद्यार्थी, इयत्ता चौथी